परक्या अंमलाखालचं घर: युद्धकालीन ताब्यावरच्या कादंबऱ्या आणि त्यांच्याविषयीचे वाद

14 जून 1940 रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि लवकरच ताब्यातल्या फ्रान्समधली घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनच्या वेळेला लावण्यात आली. युद्धाच्या इतिहासात या गोष्टीला फारशी जागा मिळत नाही. तिथे सेनापती असतात, रणगाडे असतात, तह असतात. पण हिवाळ्यात अंधारात उठून पावाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला पराभव कळला तो या घड्याळातून. आपल्या घरात, आपल्याच भिंतीवर, वेळसुद्धा दुसऱ्याची चालते हे तिला रोज दिसत होतं.

परकीय सैन्याच्या ताब्यात गेलेल्या लोकांच्या रोजच्या जगण्यावरच्या कादंबऱ्यांचं महत्त्व इथून सुरू होतं आणि त्यांच्याविषयीचे वादही इथूनच सुरू होतात. हे वाद आज कुठे येऊन पोचले आहेत, हे या लेखात पाहायचं आहे. मुख्य उदाहरण फ्रान्सचं घेतलं आहे, कारण तिथला वाद सर्वांत जुना आहे आणि त्याची कागदोपत्री नोंदही सर्वांत चांगली आहे. हॉलंड, इंग्लिश खाडीतली बेटं आणि जपानच्या ताब्यातला आशिया यांच्याकडे गरजेपुरतं वळेन.

मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीचा वाद नवा नाही. ‘स्वामी’पासून ‘पानिपत’पर्यंत, इतिहास किती आणि कल्पना किती, यावर आपल्याकडे भरपूर शाई खर्ची पडली आहे. मात्र पेशवाईवरच्या कादंबरीत आणि या कादंबऱ्यांत एक मोठा फरक आहे. थोरल्या माधवरावांना पाहिलेला कोणी उठून ‘हे असं नव्हतं’ असं म्हणू शकत नाही. फ्रान्समध्ये तसं म्हणणारी माणसं हयात होती. त्यांत छळ सोसलेले होते, छळ करणारे होते आणि नुसतं पाहत राहिलेलेही होते. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मुळे हिटलरचा उदय आणि अंत मराठी घरांत पोचला. त्या दोन टोकांमधली चार-पाच वर्षं ताब्यातल्या गावांनी कशी काढली, हा भाग मात्र आपल्या वाचनात त्या मानाने कमी आला.

ताबा म्हणजे नेमकं काय होतं

22 जून 1940 च्या युद्धबंदीने फ्रान्सचे दोन तुकडे झाले. उत्तरेचा भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मनांकडे गेला. दक्षिणेत मार्शल पेतँ यांचं सरकार व्हिशी या गावातून कारभार पाहू लागलं. नोव्हेंबर 1942 मध्ये दक्षिणही जर्मनांनी व्यापली. 15 लाखांहून जास्त फ्रेंच सैनिक युद्धकैदी म्हणून जर्मनीत गेल्यामुळे कित्येक गावांत बायका, म्हातारी माणसं आणि मुलं एवढेच उरले. ताब्याचा खर्च म्हणून जर्मनांनी सुरुवातीला दिवसाला 40 कोटी फ्रँक लावले आणि एका मार्कला 20 फ्रँक असा भाव ठरवून दिला. त्या भावाने साधा शिपाईसुद्धा दुकानं रिकामी करू शकत होता. शहरात प्रौढ माणसाचं रेशन दिवसाला जेमतेम 1200 कॅलरींच्या आसपास आलं. एरवी गुरांना घालायचा रुटाबागा नावाचा कंद ताटात आला. फेब्रुवारी 1943 पासून तरुणांना सक्तीने मजुरीसाठी जर्मनीला धाडायला सुरुवात झाली. ते टाळायला कित्येक जण डोंगरात पळाले आणि त्यांतले काही सशस्त्र टोळ्यांना मिळाले.

आणि एक तारीख, जिच्याभोवती पुढचं बरंच साहित्य फिरतं. 16 आणि 17 जुलै 1942 या दोन दिवसांत पॅरिस आणि परिसरात सुमारे 13,000 ज्यूंना पकडण्यात आलं. त्यांत 4,000 हून जास्त मुलं होती. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. फ्रेंच राज्यसंस्थेची ही जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली ती 1995 मध्ये. मधली त्रेपन्न वर्षं या कादंबऱ्यांच्या पोटात आहेत.

माझं एक मत सुरुवातीलाच नोंदवतो, म्हणजे पुढचं वाचताना ते बाजूला काढून ठेवता येईल. अशा प्रत्येक कादंबरीला दोन सालं असतात. एक, कथा घडते ते आणि दुसरं, ती लिहिली गेली ते. वादाचा बराच भाग हे दुसरं साल नजरेआड झाल्यामुळे माजतो.

अंमल चालू असतानाचं लेखन

फेब्रुवारी 1942 मध्ये पॅरिसमध्ये चोरून छापलेलं एक छोटं पुस्तक हातोहात फिरू लागलं. नाव होतं ‘ल सिलाँस द ला मेर’, म्हणजे समुद्राचं मौन. लेखक ‘व्हेरकोर’ कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो जाँ ब्रुलेर नावाचा चित्रकार होता आणि ते छापण्यासाठी त्याने मित्राबरोबर ‘एदिस्याँ द मिन्वी’ ही गुप्त प्रकाशनसंस्था उभी केली होती. गोष्ट साधी आहे. एका खेड्यात काका आणि पुतणी राहतात. त्यांच्या घरात जर्मन अधिकारी उतरवला जातो. तो सुसंस्कृत आहे, संगीतकार आहे, फ्रान्सवर प्रेम करणारा आहे. रोज संध्याकाळी तो शेकोटीपाशी येतो, दोन देशांच्या मीलनाची स्वप्नं सांगतो आणि निघून जातो. काका-पुतणी त्याच्याशी एक शब्दही बोलत नाहीत. पुढे पॅरिसला गेल्यावर आपल्याच लोकांचा खरा बेत त्याला कळतो आणि तो पूर्वेच्या आघाडीवर बदली मागून घेतो. पुतणी बोलते ती त्याच्या निरोपाच्या क्षणी, एकच शब्द.

देशाबाहेर हे पुस्तक गेलं तेव्हा निर्वासित लेखकांत खळबळ माजली. आर्थर कोसलरने 1943 मध्येच विचारलं की इतका शहाणा जर्मन नाझींचा हेतू इतकी वर्षं ओळखत कसा नव्हता? लेखक जर्मनांना फितूर असावा, अशीही कुजबुज झाली. 1947 मध्ये सार्त्रने याचा उलगडा केला, तो आजही मला सर्वांत पटतो. त्याचं म्हणणं असं की हे पुस्तक 1941 मधल्या, ताब्यातल्या भागातल्या वाचकासाठी होतं. त्या वाचकाला रस्त्यावर सौजन्याने वागणारे जर्मन रोज भेटत होते आणि त्या सौजन्याला काय उत्तर द्यायचं, हा त्याचा पेच होता. 1942 संपेपर्यंत ओलीस धरलेल्यांना गोळ्या घालणं, माणसं गाड्यांत भरून नेणं हे नित्याचं झालं आणि पुस्तकाचा तो उपयोग सरला. लंडनमध्ये बसलेल्या वाचकाला तो पेचच नव्हता.

याच काळात, इसी-लेव्हेक नावाच्या खेड्यात इरेन नेमिरोव्स्की लिहीत होती. जन्म किएव्हचा, 1903 चा. फ्रेंचमधली नावाजलेली कादंबरीकार आणि ज्यू. कागद वाचवण्यासाठी ती अगदी बारीक अक्षरात लिही. पाच भागांची कादंबरी योजली होती, त्यातले दोनच पुरे झाले. 13 जुलै 1942 रोजी तिला अटक झाली आणि 17 ऑगस्टला आउश्विट्झमध्ये ती मरण पावली. नवऱ्यालाही काही महिन्यांनी तिथेच मारण्यात आलं. मुली वाचल्या आणि त्यांच्याबरोबर एका पेटीत ते हस्तलिखितही वाचलं. थोरली मुलगी दनीझ हिने ते बऱ्याच वर्षांनी उतरवून काढलं. 2004 मध्ये ‘स्वीत फ्रान्सेझ’ या नावाने ते छापलं गेलं आणि त्या वर्षीचा रनोदो पुरस्कार लेखिकेला मरणोत्तर मिळाला.

तिच्या दुसऱ्या भागातही घरात उतरवलेला जर्मन अधिकारी आहे आणि तोही संगीतकार आहे. पण इथे सासू-सून आहेत. सुनेचा नवरा जर्मनीत युद्धकैदी आहे. सासू अधिकाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सून मात्र हळूहळू बोलू लागते, बागेत त्याच्याबरोबर बसते. पुढे जर्मन अधिकाऱ्याचा खून करून पळालेल्या शेतकऱ्याला तीच सून त्याच घरात लपवते. ही दोन पुस्तकं काही महिन्यांच्या अंतराने लिहिली गेली. दोन्ही लेखकांनी समोरच्या माणसाची माणुसकी नाकारली नाही. फरक पडला तो घरातल्या बाईच्या वागण्यात. व्हेरकोरची पुतणी देशाची प्रतिमा होते. नेमिरोव्स्कीची सून ल्यूसील ही लग्नात सुखी नसलेली, एकाकी, तरुण बाईच राहते आणि तरीही वेळ येताच धोका पत्करते.

नेमिरोव्स्कीवरचा वाद पुस्तक आल्यानंतर चार वर्षांत पेटला. रूथ फ्रँकलिन यांच्यासारख्या समीक्षकांनी दाखवलं की ती ‘ग्रँग्वार’ या कडव्या उजव्या साप्ताहिकात लिहीत होती, तिच्या आधीच्या कादंबऱ्यांत ज्यू पात्रांची चित्रं साचेबंद आणि तुच्छतेची होती, सप्टेंबर 1940 मध्ये तिने पेतँना पत्र लिहून आपल्याला इतर परदेशीयांपासून वेगळं काढावं अशी विनंती केली होती आणि या कादंबरीत तर ज्यूंची हकिकतच नाही. दुसऱ्या बाजूने सुझन रूबिन सुलैमान यांनी 2016 च्या आपल्या पुस्तकात त्या काळातल्या परदेशी ज्यू लेखिकेची कोंडी तपशिलाने मांडली. तिला पुढचं ठाऊक नव्हतं, पोट भरायचं होतं आणि कादंबरी अर्धीच राहिली होती. दोन्ही बाजूंची कागदपत्रं खरी आहेत. शिवाय एक अडचण वाचकाची आहे. छापील पुस्तकाला तिच्या टिपणवह्या आणि तिला सोडवण्यासाठी नवऱ्याने केलेला पत्रव्यवहार जोडला आहे. तो वाचल्यावर आपण कादंबरी वाचतो की त्या पेटीची हकिकत, हे सांगणं कठीण होतं. नेमिरोव्स्कीला न कळलेला शेवट वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतो.

युद्धानंतर: प्रतिकाराची आख्यायिका आणि तिला गेलेले तडे

25 ऑगस्ट 1944 रोजी द गोल पॅरिसमध्ये आले आणि त्यांनी सांगितलं की पॅरिस स्वतःच्या हाताने, साऱ्या फ्रान्सच्या साथीने मुक्त झालं. दुभंगलेल्या देशाला एकत्र आणण्यासाठी हे चित्र उपयोगी होतं. मूठभर फितूर सोडले तर सारा देश प्रतिकारात होता, या समजुतीची चिकित्सा इतिहासकार आंरी रुसो यांनी 1987 मध्ये केली. सहसा असं सांगितलं जातं की कादंबरीनेही 1970 पर्यंत हीच आख्यायिका गिरवली. हे अर्धवट खरं आहे. भूमिगतांचं शौर्य सांगणारी जोसेफ केसेलची ‘लार्मे दे झाँब्र’ 1943 चीच. पण 1947 चा गाँकूर पुरस्कार मिळालेली जाँ-लुई कुर्तीसची ‘ले फोरे द ला न्वी’ गावातल्या भित्र्या, संधिसाधू माणसांवर आहे. 1952 मधल्या जाँ द्युतूरच्या ‘ओ बाँ बर’मध्ये दूध-लोण्याच्या दुकानदाराचं जोडपं दुधात पाणी घालून, काळाबाजार करून गडगंज होतं आणि व्हिशीला जाऊन मार्शलसाहेबांना बदकाची अंडी भेट देतं. युद्ध संपल्यावर त्यांचं काहीही बिघडत नाही. म्हणजे वाचकाला हे सगळं उपलब्ध होतं. सार्वजनिक बोलण्यात ते यायला मात्र आणखी वीस वर्षं लागली.

काम्यूची ‘ला पेस्त’ (1947) याच पंक्तीत धरावी लागते. ओराँ शहरातली प्लेगची साथ म्हणजे नाझी अंमलाचं रूपक, हे काम्यूने स्वतः सांगितलं आहे. 1955 मध्ये रोलाँ बार्थने आक्षेप घेतला की रोगजंतूला हेतू नसतो, माणसाला असतो. शत्रू माणूस असतो तेव्हा त्याला मारावं लागतं, छळावं लागतं आणि तो नैतिक पेच प्लेगच्या गोष्टीत हरवतो. काम्यूचं उत्तर असं की नाव न घेतल्यामुळे प्रत्येक जुलुमाविरुद्ध ते पुस्तक उभं राहू शकतं. हा वाद मिटलेला नाही.

चित्र पालटलं ते 1968 ते 1974 या काळात. मार्सेल ओफ्युल्सचा क्लेर्मों-फेराँ शहरावरचा चार तासांहून मोठा माहितीपट 1969 मध्ये तयार झाला, पण फ्रेंच टीव्हीवर दिसला 1981 मध्ये. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी 1972 मध्ये जर्मन दप्तरांच्या आधारे दाखवलं की हातमिळवणीची मागणी जर्मनांनी लादलेली नव्हती, व्हिशीने ती स्वतःहून पुढे केली होती. युद्ध संपलं त्या वर्षी जन्मलेल्या पात्रिक मोदियानोने 1968 मध्ये पहिल्या कादंबरीतच या जखमेवरची खपली काढली. लुई मालबरोबर त्याने लिहिलेल्या ‘लाकाँब ल्यूसियाँ’ (1974) या चित्रपटातला खेडवळ पोरगा आधी प्रतिकारकांकडे जातो, ते त्याला नाकारतात, मग तो जर्मन पोलिसांच्या हस्तकांत सामील होतो. हे पाहून बरेच जण संतापले. योगायोगाने गुन्हेगार होता येतं, असं म्हणणं म्हणजे निवडीची जबाबदारी पुसणं आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

हा मुद्दा सर्वांत खोलवर नेणारी कादंबरी मला डच वाटते. हॅरी मुलिशची ‘द आन्स्लाख’ (1982). मुलिशचे वडील जर्मनांना सामील होते, आई ज्यू होती. जानेवारी 1945, हार्लेम. भुकेच्या हिवाळ्यात, ज्यात हॉलंडमध्ये सुमारे 20,000 माणसं दगावली, चार शेजारी-शेजारी घरांसमोर एका फितूर पोलीस अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या जातात. प्रेत ज्यांच्या दारात पडतं ते लोक ते ओढून शेजाऱ्याच्या दारात टाकतात. जर्मन ते घर जाळतात, आईबाप आणि थोरला मुलगा मारले जातात. बारा वर्षांचा आंतोन वाचतो. पुढे 1981 पर्यंत त्याला योगायोगाने एकेक तुकडा कळत जातो: गोळ्या झाडणारे कोण होते, फितुराचा मुलगा कसा वाढला आणि शेवटी हेही की शेजाऱ्यांनी प्रेत दुसऱ्या बाजूच्या घराकडे का ढकललं नाही. त्या घरात ज्यू लपलेले होते. मग दोष कुणाचा? मुलिश प्रत्येकाचा वाटा मोजून पुढे ठेवतो आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही.

न पाहिलेल्यांनी लिहावं का, आणि किती रचावं?

साक्षीदार कमी होत गेले तसा प्रश्न बदलला. आता लिहिणारे नातवंडांच्या वयाचे आहेत, कित्येक जण दुसऱ्याच देशातले आहेत. कल्पनेला किती मोकळीक द्यायची, यावर तीन भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली मोदियानोची. 31 डिसेंबर 1941 च्या ‘पारी-स्वार’ या वर्तमानपत्रात एक छोटी सूचना होती: दोरा ब्रूडर ही पंधरा वर्षांची मुलगी बेपत्ता आहे, माहिती असल्यास आईवडिलांना कळवावं. चाळीसहून अधिक वर्षांनी ती मोदियानोच्या नजरेला पडली. आधी त्याने तिच्यावरून एक कादंबरी रचली. मग ते पुरेसं वाटेना म्हणून तो शाळेच्या नोंदी, पोलिसांच्या वह्या, जुन्या रस्त्यांचे नकाशे शोधत राहिला. 1997 मध्ये ‘दोरा ब्रूडर’ आलं. सप्टेंबर 1942 मध्ये ती वडिलांबरोबर आउश्विट्झला पाठवली गेली, हे कळतं. पण मठातल्या शाळेतून पळाल्यावर हिवाळ्याचे ते महिने तिने कुठे काढले, हे कळत नाही आणि मोदियानो ते कल्पनेने भरून काढत नाही. ती पोकळी तिची स्वतःची म्हणून सोडतो. तरी इथेही कुरबुर उरलीच. फ्रान्समधून पाठवल्या गेलेल्या ज्यूंची नामावली 1978 मध्ये तयार करणारे सर्ज क्लार्सफेल्ड यांनी मोदियानोला बरीच कागदपत्रं पुरवली होती. पुस्तकात आपल्या मदतीचा उल्लेख नाही, हे त्यांना लागलं. शोध कुणाचा आणि गोष्ट कुणाची, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

दुसरी भूमिका यानिक एनेलची. ताब्यातल्या पोलंडमधून ज्यूंच्या संहाराची बातमी घेऊन गेलेला दूत यान कार्स्की याच्यावर त्याने 2009 मध्ये कादंबरी लिहिली. शेवटच्या भागात कार्स्कीच्या तोंडी त्याने कल्पित स्वगत घातलं, त्यात रूझवेल्टबरोबरची 1943 मधली भेटही आली. ‘शोआ’ या चित्रपटाचे दिग्दर्शक क्लोद लांझमान, ज्यांनी कार्स्कीची प्रत्यक्ष मुलाखत घेतली होती, ते उसळले. हे इतिहासाचं खोटं रूप आहे, असं त्यांनी 2010 मध्ये जाहीरपणे लिहिलं. एनेलचं उत्तर होतं की साक्षीदार मरण पावल्यावर त्याचा आवाज पुढे नेण्याचं काम कल्पनाच करू शकते. मला यात लांझमान यांचं पारडं जड वाटतं, कारण कार्स्की नावाचा माणूस होऊन गेला आहे आणि त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. काल्पनिक सुनेच्या तोंडी संवाद घालणं वेगळं.

तिसरी भूमिका लॉरां बिनेची. ‘आश-आश-आश-आश’ उच्चारांच्या चार अक्षरांचं नाव असलेल्या त्याच्या 2010 च्या कादंबरीत प्रागमध्ये 27 मे 1942 रोजी नाझी अधिकारी हायड्रिखवर झालेला हल्ला आहे आणि त्याच्या बदल्यात बेचिराख झालेलं लिदित्से गाव आहे. बिने मध्येच थांबतो, मागच्या प्रकरणातला तपशील आपण रचला होता अशी कबुली देतो, पुढे पुन्हा रचतो. काहींना हा प्रामाणिकपणा वाटतो. काहींना वाटतं की यात मेलेल्या माणसांपेक्षा लेखकच जास्त दिसतो. एका एस. एस. अधिकाऱ्याच्या तोंडून सुमारे नऊशे पानं बोलणारी जोनाथन लितेलची ‘ले बिएन्व्हेयांत’ (2006) या तिन्हींच्या बाहेर राहते. छळणाऱ्याच्या मनात वाचकाला इतका वेळ कोंडणं योग्य की अयोग्य, यावर तिच्या वाचकांत आजही मतैक्य नाही.

बायका, शत्रू आणि खपाऊ कादंबरी

इंग्रजीत गेल्या वीस वर्षांत या विषयाच्या कादंबऱ्यांना प्रचंड वाचक मिळाला. अँथनी डोअर यांच्या सँ-मालो शहरावरच्या कादंबरीला 2015 चा पुलित्झर मिळाला. क्रिस्टिन हॅना यांची ‘द नाइटिंगेल’ त्याच वर्षी आली. जुलै 1942 च्या धरपकडीवरची तातियाना द रोने यांची ‘साराज की’ देशोदेशी पोचली. इतिहासाचे अभ्यासक यांच्यावर नाक मुरडतात, त्याची कारणं आहेत. नायिका आजच्या मूल्यांनी विचार करतात. गावातला प्रत्येक दुसरा माणूस प्रतिकारक निघतो. ज्यू पात्रं बहुधा इतरांचं धैर्य सिद्ध करण्यापुरती येतात. जुनी आख्यायिका नव्या कपड्यांत परत आली, अशी ही तक्रार आहे.

उलट बाजूही तितकीच वजनदार आहे. द गोलनी दिलेला मुक्तिसंग्रामाचा सर्वोच्च सन्मान 1,038 व्यक्तींना मिळाला. त्यांत बायका फक्त 6 होत्या. निरोप पोचवणं, माणसं लपवणं, पाडलेल्या विमानांचे वैमानिक पिरिनीज पर्वताच्या पलीकडे नेणं ही कामं बायकांनी केली आणि युद्धानंतर त्यांतल्या कित्येकींनी ती कधी सांगितलीही नाहीत. बेल्जियमच्या आंद्रे द याँग हिने उभारलेली पळवाटेची साखळी हॅनाच्या कादंबरीमुळे लाखो वाचकांना कळली. सदोष का होईना, दार उघडलं ते या पुस्तकांनी, असं त्यांचे पाठीराखे म्हणतात.

शत्रूबरोबरच्या प्रेमाचा प्रश्न यात सर्वांत नाजूक आहे. मुक्तीनंतर फ्रान्समध्ये सुमारे 20,000 बायकांची डोकी भर चौकात भादरण्यात आली. इतिहासकार फाब्रिस व्हिर्जिली यांनी दाखवलं की त्यांतल्या सगळ्याच जर्मनांशी संबंध ठेवल्याबद्दल शिक्षा झालेल्या नव्हत्या. काहींवर चहाड्यांचा आरोप होता, काहींवर नुसत्या व्यापाराचा. अशा वेळी कादंबरीतला हळवा जर्मन अधिकारी एका गटाला न्याय वाटतो, कारण असे संबंध खरोखर होते आणि त्या बायकांची बाजू कुणी ऐकली नव्हती. दुसऱ्या गटाला तो सोयीचा पडदा वाटतो, कारण ज्या घरात प्रेमकथा चालते त्याच घरासमोरून ज्यूंना नेलं जात होतं.

ग्वर्न्सी बेटाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. 30 जून 1940 ते 9 मे 1945 हे बेट जर्मनांच्या हातात होतं. शेवटच्या हिवाळ्यात तिथे उपासमार आली आणि डिसेंबर 1944 मध्ये रेडक्रॉसचं ‘व्हेगा’ जहाज अन्न घेऊन पोचलं. मेरी अ‍ॅन शाफर आणि अ‍ॅनी बॅरोज यांची बटाट्याच्या सालींच्या ‘पाय’ या पदार्थावरून नाव घेतलेली पत्ररूप कादंबरी (2008) याच बेटाची. ती ऊबदार आहे आणि तिच्यातही एका जर्मन डॉक्टरवर प्रेम करणारी बाई आहे. पण जर्मन तटबंदीसाठी आणलेले वेठबिगारही तिच्यात आहेत, हे टीकाकार बहुधा सांगत नाहीत. त्याच बेटावर जन्मलेल्या जी. बी. एड्वर्ड्सची ‘द बुक ऑफ एबेनीझर ल पेज’ (1981) अधिक खडबडीत आणि माझ्या मते अधिक खोल आहे. तिच्यात जर्मन अंमल हे एका म्हाताऱ्याच्या लांब आयुष्यातलं एक प्रकरण म्हणून येतं. शेजाऱ्यांची जुनी भांडणं त्या काळातही चालूच राहतात.

पूर्वेकडे: एकाला मुक्तिदाता, दुसऱ्याला यमदूत

आशियात हा प्रश्न वेगळ्याच जागी उभा राहतो, कारण जपानी आले तेव्हा तिथे आधीच दुसरा परकीय बसलेला होता. तान त्वान एंग यांच्या ‘द गिफ्ट ऑफ रेन’ (2007) मधला पेनांगचा फिलिप अर्धा इंग्रज, अर्धा चिनी आहे. त्याचा जपानी गुरू हेर निघतो. घरच्यांना वाचवण्यासाठी फिलिप जपान्यांचं काम करतो. फ्रेंच कादंबरीतली ‘देशाशी बेइमानी’ इथे बसत नाही, कारण देश कोणता, हेच ठरलेलं नाही.

आपला संबंध इथे थेट येतो. विश्वास पाटील यांच्या ‘महानायक’मधून (1998) आझाद हिंद सेनेची गाथा मराठी वाचकाने वाचली. तिच्या केंद्रस्थानी नेताजी आहेत, म्हणून जपान तिथे प्रामुख्याने मित्र म्हणून येतो. अंदमानचा मराठी मनातला परिचय सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे झाला आणि तो तुरुंगाच्या भिंतींशी थांबला. 23 मार्च 1942 रोजी जपान्यांनी पोर्ट ब्लेअर घेतलं. 30 डिसेंबर 1943 रोजी नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला. पण त्याच वेळी हेरगिरीच्या आरोपाखाली बेटावरचे भारतीय सेल्युलर जेलमध्ये छळले जात होते. डॉ. दिवाणसिंग 14 जानेवारी 1944 ला त्या छळात गेले आणि 30 जानेवारीला हम्फ्रीगंज इथे 44 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. उझ्मा अस्लम खान यांची नोमी अली या मुलीवरची इंग्रजी कादंबरी (2019) कैद्यांच्या मुलांच्या नजरेतून इंग्रजी आणि जपानी असे दोन्ही अंमल सलग दाखवते. ‘महानायक’ आणि ही कादंबरी एकमेकींना खोटं पाडत नाहीत. एकीत मुक्तीची आशा आहे, दुसरीत बेटावरच्या घरात शिरलेला शिपाई आहे. दोन्ही एकाच महिन्यात खऱ्या होत्या.

जपान्यांनी बांधून घेतलेल्या ब्रह्मदेशाच्या रेल्वेची स्थिती अजून विषम आहे. तिच्यावर युद्धकैदी राबले आणि त्यांच्यावर रिचर्ड फ्लॅनगन यांनी बुकर मिळवणारी कादंबरी लिहिली. पण त्याच रुळांवर मलायातून नेलेले तमिळ आणि इतर आशियाई मजूर त्यांच्या कितीतरी पट होते. त्यांच्यापैकी मेलेल्यांचा आकडा सर्वसाधारणपणे 90,000 च्या आसपास धरला जातो. जगभर वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत त्यांना मिळालेली जागा नगण्य आहे.

काय सुटलेलं नाही

पहिला अनुत्तरित प्रश्न तडजोडीचा. फितूर आणि प्रतिकारक यांच्या मधल्या मोठ्या जमावाला काय म्हणावं? फिलिप बुर्रँ यांच्यासारख्या इतिहासकारांनी जुळवून घेण्याच्या अनेक पायऱ्या दाखवल्या. भीतीने गप्प राहणं, पोटासाठी विकणं, फायद्यासाठी पुढे होणं या त्या पायऱ्या. कादंबरी या पायऱ्या दाखवू शकते. पण माणूस समजला की त्याचा दोष कमी होतो का, यावर लेखक आणि वाचक दोघेही विभागलेले आहेत.

दुसरा प्रश्न भाषेचा आणि बाजाराचा. 1941-42 च्या दुष्काळात होरपळलेला ग्रीस, युक्रेन, फिलिपाइन्स, कोरिया इथल्या ताब्यावर त्या त्या भाषांत लिहिलं गेलं आहे. आपल्यापर्यंत मात्र जे इंग्रजीत खपलं तेच पोचतं. त्यामुळे ‘ताब्यातलं जीवन’ म्हटलं की मराठी वाचकासमोरही पॅरिसचा कॅफे उभा राहतो, मणिला किंवा पोर्ट ब्लेअर नाही.

तिसरा साक्षीचा. कोरियाच्या किम हाक-सुन यांनी ऑगस्ट 1991 मध्ये जपानी लष्कराच्या लैंगिक गुलामगिरीबद्दल स्वतःच्या नावाने तोंड उघडलं. त्यानंतर जिंग-जिंग ली यांच्या सिंगापूरवरच्या ‘हाउ वी डिसअपिअर्ड’सारख्या (2019) कादंबऱ्या आल्या. ज्या बायका कधीच बोलल्या नाहीत त्यांच्या वतीने बोलणं हा न्याय की अतिक्रमण, याबद्दल वाचलेल्यांच्या कुटुंबांतही एकमत नाही.

आणि चौथा, दिसायला किरकोळ पण रोजच्या वाचनातला. आता अशा कादंबऱ्यांच्या शेवटी लेखकाचं टिपण असतं: काय खरं, काय रचलेलं, कोणतं गाव काल्पनिक, कोणती तारीख सरकवली. काही समीक्षकांना एवढं पुरेसं वाटतं. काहींचं म्हणणं असं की कथेचा ठसा आधी उमटतो, शेवटचं पान नंतर येतं आणि ते किती जण वाचतात, हे कुणी तपासलेलं नाही. म्हणून काही लेखक ते टिपण पुस्तकाच्या सुरुवातीला देतात, काही मोदियानोसारखे ते कथेतच मिसळतात आणि काहींचा त्यालाच विरोध आहे, कारण कादंबरीने खुलासा देत बसू नये असं त्यांना वाटतं. प्रकाशकांची याबाबत कोणतीही समान रीत अजून ठरलेली नाही.